सामोवाराजवळची जागा

बुरूल हे नाव तिच्यासाठी ठेवलेलंच नव्हतं. ते नशिबासाठी ठेवलं होतं. बुरूल म्हणजे वळ. ओळीनं मुलीच झाल्यावर काराकोल या किरगीझ गावातल्या त्या घरात पाळण्यातल्या शेवटच्या मुलीला ‘वळ’ अशी आज्ञा केली गेली, म्हणजे पुढचं मूल तरी मुलगा होईल. नशीब वळलं नाही, पुढे मूलच झालं नाही. बुरूल मात्र जन्मभर, कुणी हाक मारली की आपल्याला काहीतरी बदलायला सांगताहेत अशा चेहऱ्यानं वळून बघत राहिली.

आता ती निवृत्तीला आली होती. विद्यापीठाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या मानसशास्त्र विभागाची ती प्रमुख होती, म्हणजे प्रभारी प्रमुख. हिवाळाभर कोटाला कोळशाचा वास चिकटून राहतो तसा तो ‘प्रभारी’ तिच्या नावाला चिकटला होता. राजधानीतून, बिश्केकहून, कुणीतरी पूर्ण प्रमुख म्हणून यायचा. बुरूल त्याला किल्ल्या द्यायची, कपाटाचं दार कसं जरा उचलून उघडायचं ते दाखवायची, कुठल्या विद्यार्थ्याचा बाप कुठल्या खात्यात आहे ते सांगायची. काराकोलच्या थंडीत एखाद-दोन हिवाळे काढून तो परत जायचा आणि किल्ल्या बुरूलकडे यायच्या. तिला सगळे एजे, ताई, म्हणत, आणि डीनना आगाय, सर. डीन तुर्गुनबेक आगाय दर वेळी म्हणायचे, “एजे, तुम्ही आहातच की.” दगड, पायरी, दिव्याचा खांब यांच्याबद्दल माणूस जसं म्हणतो, तसं.

कामाच्या ठिकाणी माणसं बाईबद्दल आणि पुरुषाबद्दल न बोलता काय धरून चालतात, हा तिच्या अभ्यासाचा विषय होता. नवरा, जेकशेन, होता तेव्हा जेवताना विचारायचा, “आज काय शोधलंस?”

“तुम्ही लोक आम्हाला काय समजता ते.”

“मग एवढी गावं कशाला हिंडतेस? मला विचार. मी सांगतो, शोर्पा आण.”

ती हसायची आणि शोर्प्याचं, मटणाच्या रश्शाचं, वाडगं आणायची. जेकशेन गेल्यापासून घरात कुणी तो प्रश्न विचारत नव्हतं. तिला आताशा थकवा असायचा. झोपून जाणारा नव्हे, सकाळी आपल्या आधी उठून बसलेला.

फेब्रुवारीत तुर्गुनबेक आगायांनी तिला सांगितलं, की तिच्या जागी विभागातल्याच कुणाला तरी नेमायचं ठरलंय. शुक्रवारी विद्वत् परिषदेची बैठक आहे, त्यात तिनं नाव सुचवावं. पूर्ण पगाराची जागा आता एकच उरली होती, प्रमुखाची. दुसऱ्याला अर्ध्या जागेवर राहावं लागणार होतं. आणि माणसं दोनच होती, कुबात आणि झूरा. दोघं एकाच वर्गात शिकलेली, बुरूलच्याच हाताखाली. तिसरे असान आके, सगळ्यांचे दादा, पण ते निवृत्त होऊनही चहाच्या वेळेला यायचे एवढंच.

कुबात उंच, बोलका. बोलताना हात असे पसरायचा की समोरच्याला वाटावं, आपल्यालाच काहीतरी देतोय. झूरा कमी बोलायची. चाळिशी ओलांडली तरी विभागातली सगळ्यात लहान बाई तीच, कारण तिच्यानंतर कुणाची भरतीच झाली नाही. आणि सगळ्यात लहान बाई म्हणून उकळत्या पाण्याच्या सामोवाराजवळ, सगळ्यांना चहा ओतायला, तीच बसायची. “अर्ध्या जागेवर माझं अर्धंच पोट भरेल, एजे,” ती हसत म्हणाली होती. “मग मी बिश्केकला बहिणीच्या शिलाईच्या कारखान्यात जाईन. तिथं निदान बाह्या दोन्ही शिवतात.”

बुरूलच्या मनात शंका नव्हती. कुबात. कारण ‘अल’ कुबातचा होता.

‘अल’ची गोष्ट अशी. बाहेरदेशी तयार केलेल्या प्रश्नावल्या घेऊन विभागातली माणसं दूधडेअरीत, बस डेपोत, इस्पितळात जायची. बाई साहेब म्हणून पुरुषाइतकीच चांगली असते का? सगळे ‘हो’वर खूण करायचे. डेपोतल्या मेकॅनिकांनी तर हसत हसत केली, आणि खूण करून झाल्यावर झूराला म्हणाले, “बहिणी, आता चहाचं तेवढं बघ ना.” कागदावर काराकोल स्वर्ग होता. मग एका वर्षी एका बैठकीत कुणीतरी म्हणालं की प्रश्न विचारूच नयेत. एक गोष्ट किरगीझमध्ये सांगावी आणि ऐकणाऱ्याला ती रशियनमध्ये परत सांगायला लावावी.

किरगीझमध्ये तो नाही, ती नाही. दोघांना एकच शब्द, अल. क्रियापदही तोंड उघडत नाही. रशियनमध्ये मात्र आला की आली हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरंच होत नाही. काराकोलमध्ये दोन्ही भाषा सगळ्यांच्या तोंडात असतात; बाजारात एक, कचेरीत दुसरी. तेव्हा त्यांनी एका डेपोप्रमुखाची गोष्ट रचली. अलनं खिंडीतल्या बर्फात अडकलेली बस बाहेर काढली, पिऊन आलेल्या ड्रायव्हरला कामावरून काढलं, आणि घरी आल्यावर न जेवता अल भिंतीकडे तोंड करून पडून. लोक रशियनमध्ये सांगू लागले, तसा अल जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी ‘तो’ झाला. त्यानं बस काढली, त्यानं ड्रायव्हरला हाकललं. शेवटाशी येऊन मात्र माणसं अडखळायची. इस्पितळातल्या एका नर्सनं तर भिंतीशी पडायला त्याला बायकोच आणून दिली, “तो घरी आला तेव्हा बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती.” ही नर्स स्वतः रात्रपाळीची प्रमुख होती.

तो अभ्यास गाजला. परदेशातल्या लोकांनी तो वाचला, पत्रं आली. विभागाला पहिल्यांदाच कुणी ओळखू लागलं. बुरूल प्रत्येक पाहुण्याला तो कसा सुचला ते सांगायची आणि कुबातच्या पाठीवर हात ठेवायची.

बुधवारी ती नाव सांगायला डीनच्या खोलीत गेली. तुर्गुनबेक आगाय खूश झाले. “मला वाटलंच होतं. परिषदेत आधी ती अलची गोष्ट सांगा, एजे, मग नाव. लोकांना ती आवडते. बसा, कशी सांगणार ते एकदा ऐकू द्या मला.”

बुरूलनं किरगीझमध्ये सुरू केलं. तिला सांगायला आवडायचं. त्या दिवशी बर्फ पडत होतं, खिडक्या आतून ओल्या झाल्या होत्या. सगळे प्रश्नावल्यांना शिव्या देत होते. “आणि अल सामोवाराजवळ,” ती म्हणाली, “हातात असान आकेंचा पियाला. बोलायच्या नादात नळ बंद करायचंही भान नाही. पियाला काठोकाठ! असान आके ओरडले, ‘अरे, भरून देता म्हणजे मला हाकलता की काय!’ सगळे हसताहेत, चहा त्यांच्या गुडघ्यावर सांडतोय, आणि अलचं आपलं चालूच, की गोष्ट आपल्या भाषेत सांगा आणि परत रशियनमध्ये ऐका, मग कळेल.”

डीन हसले. पाहुण्याला पियाला अर्धा भरायचा असतो, म्हणजे त्यानं पुन्हा मागावा. काठोकाठ भरला की त्याचा अर्थ, निघा आता. हे त्या खोलीत कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

“फर्मास. आता हेच रशियनमध्ये. इतिवृत्त रशियनमध्ये असतं, माहीतच आहे तुम्हाला.”

बुरूल रशियनमध्ये म्हणाली, “त्या दिवशी बर्फ पडत होतं. कुबात सामोवाराजवळ बसला होता, चहा ओतत होता...”

तुर्गुनबेक आगायांना ठसकाच लागला. “कुबात? चहा ओतत होता? काय सांगता एजे! त्याची आईसुद्धा मानणार नाही.”

ते बराच वेळ हसत राहिले, रुमालानं डोळे पुसत. बुरूल हसली नाही. तिचं वाक्य हवेत तसंच राहिलं होतं, दाराशी अडकलेल्या कोटासारखं. बसला होता. तिनं ती गोष्ट कित्येक पाहुण्यांना रशियनमध्ये सांगितली होती, पण सामोवार कधी सांगितला नव्हता. पाहुण्यांसाठी गोष्ट आखूड असायची, ‘कुबात म्हणाला’ आणि संपलं. सामोवार, पियाला, असान आकेंचा गुडघा हे सगळं किरगीझमध्ये होतं. त्या भाषेत कोण ते कुणी विचारत नाही.

कुबात कधीही सामोवाराजवळ बसलेला नव्हता. तिथं एकच व्यक्ती बसायची.

“एजे? बरं वाटत नाही का?”

“नाव मी शुक्रवारीच सांगते,” ती म्हणाली.

खाली उतरताना तिनं कठडा धरला. डेपोतल्या मेकॅनिकाची, त्या नर्सची तिला आठवण झाली. आपण त्यांचं वर्गात हसत हसत उदाहरण देतो. आता त्या रांगेत आणखी एक बाई उभी होती, पिकल्या केसांची, विषय तोंडपाठ असलेली.

गुरुवारी तिनं झूराला बाजारातल्या अश्ल्यान्फूच्या टपरीत नेलं. थंड आंबट रस्सा, जाड शेवया, वर लाल तिखट. बाहेर बर्फ असलं तरी काराकोलची माणसं ते खातात. झूरानं वाडगं पुढं ओढलं आणि वाट पाहिली.

“ते अलचं तू म्हणालीस ना?” बुरूलनं विचारलं. “त्या दिवशी, असान आकेंचा पियाला भरताना.”

झूराचा चमचा थांबला नाही. “आज का विचारता?”

“तू होतीस की नाही तेवढं सांग.”

“मी होते. मी पियाला कुबातकडे दिला, पुढं असान आकेंना द्यायला. सगळे हसत होते. हसणं थांबलं तेव्हा कुबातनं तेच मोठ्यांदा सांगितलं. तो छान सांगतो.”

“आणि तू गप्प बसलीस?”

“मी टेबल पुसत होते, एजे.”

झूरा तिच्याकडे बघून हसली, पण ते हसू बरं नव्हतं.

“नंतर तरी सांगायचंस,” बुरूल म्हणाली.

“कसं? ‘ते मी म्हणाले होते’ असं? मग काय होतं ते तुम्हीच शिकवता. पुरुषानं आपला हक्क सांगितला की त्याला धडाडी म्हणतात, बाईनं सांगितला की भांडखोर. मी तुमच्याच वर्गात पहिल्या बाकावर होते, सगळं लिहून घेतलंय.” तिनं रस्सा प्यायला. “आणि खरं सांगू? तुम्ही ते इतक्या वेळा सांगितलंत, की पुढं पुढं मलाच वाटायला लागलं, त्यानंच म्हटलं असेल. माझ्या लक्षात राहिला तो सांडलेला चहा. त्याचं मला अजून वाईट वाटतं.”

“शुक्रवारी मी हे सांगणार आहे.”

“नका सांगू.”

“का?”

“म्हणतील, म्हातारीला जाता जाता बायकांचा पुळका आला. तुमचंही हसं, माझंही. बहिणीशी माझं बोलणं झालंय.” तिनं पिशवी उचलली. “तुम्ही थकलाय एजे. दिसतंय. घरी जा, पाय शेकत बसा.”

कुबातशी बोलणं त्याहून अवघड गेलं, कारण तो खोटं बोलत नव्हता. “मी म्हणालो होतो, एजे,” तो छातीवर हात ठेवून म्हणाला. “शप्पथ. त्या वाक्याची चव अजून तोंडात आहे माझ्या.”

“त्याच्या आधी काय झालं होतं?”

“आधी? आधी असान आके ओरडले, हाकलता काय म्हणून.”

“कशामुळे?”

“झूरानं पियाला भरून टाकला. तिचं लक्षच नव्हतं. ती काहीतरी...” तो थांबला. खिडकीबाहेर पॉपलरच्या फांदीवरून बर्फाचं एक ढेकूळ घसरलं. “ती काहीतरी बोलत होती,” तो हळू म्हणाला.

“काय बोलत होती?”

“ते नाही आठवत.” त्यानं छातीवरचा हात खाली घेतला. “खरंच नाही आठवत, एजे. हेच वाईट आहे ना?”

शुक्रवारी परिषदेत बुरूल उभी राहिली. तिनं बर्फ सांगितलं, ओल्या खिडक्या सांगितल्या, पियाला सांगितला. रशियनमध्ये. आणि क्रियापदाशी आल्यावर सावकाश म्हणाली, “सामोवाराजवळ झूरा बसली होती. ती बोलत होती. हे तिनं सुचवलं. मी इतकी वर्षं चुकीचं सांगत आले.”

टोकाला बसलेले भूगोलवाले शेजारच्याला म्हणाले, “एका अक्षरासाठी केवढा इतिहास.” कुणीतरी हसलं. अर्थशास्त्रवाल्या बाईंनी विचारलं, “पण कुबात आपल्याला दिसतो तरी, सगळीकडे बोलतो. झूराचं नेतृत्व कुणी पाहिलंय?” तुर्गुनबेक आगाय घड्याळाकडे बघत होते. “कुबात, तुझं काय म्हणणं?”

कुबात उठला. त्यानं हात पसरले नाहीत. “मला वाटतं एजे बरोबर सांगताहेत,” तो म्हणाला, आणि बसला. तेवढ्यावरून खोलीत दोन मतं झाली: एकांचं, काय मोठ्या मनाचा माणूस, दुसऱ्यांचं, असा मोठ्या मनाचाच प्रमुख हवा. झूराच्या मनाबद्दल कुणी काही बोललं नाही. बुरूलला ते दिसलं आणि ती हसली, स्वतःशीच, फार दमलेलं.

बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं: प्रमुख झूरा, पण तूर्त प्रभारी. एक वर्ष बघू. कुबात अर्ध्या जागेवर, तोही तूर्त. तुर्गुनबेक आगायांनी हात चोळले. “झूरा, तुम्ही आहातच की.”

बुरूलला त्या शब्दाचा वास आला, कोळशाचा. जिंकलो की हरलो हे तिला कळेना, आणि कळून घ्यायला अंगात बळ नव्हतं.

विभागात निरोपाचा चहा होता. असान आके आधीच येऊन तळलेल्या बोरसोकांच्या ताटलीपाशी बसले होते. कुबात आला, त्याचा चेहरा उतरलेला होता, पण आला. झूरा आत शिरली तशी तिची पावलं सवयीनं सामोवाराकडे वळली.

“तिथं नको,” बुरूल म्हणाली. “तिकडे बस. खिडकीशी.”

“एजे, निरोपाचा चहा तुमच्यासाठी आहे. तुम्ही ओतणार? लोक काय म्हणतील, म्हातारीला राबवतात म्हणून?”

“म्हणू देत. प्रभारी, बस जागेवर.”

असान आके खदखदले. “बुरूलच्या हातचा चहा! जेकशेन बिचारा सांगायचा, तिनं ओतलेला चहा पिताना वाटतं आपला पेपर तपासताहेत.”

“तुमचा तर नापासाचाच आहे, आके. पियाला इकडे द्या.”

ती सामोवाराजवळ बसली. या जागेवर ती फार वर्षांनी बसत होती. दूध आधी, मग कोरा चहा, मग गरम पाणी. कुणाचा पियाला रिकामा झाला, कुणाला दूध कमी, कुणाच्या पियाल्यात साय गेली. नजर पियाल्यांवरून हलवता येईना. खोलीतलं बोलणं शेजारच्या खोलीतून आल्यासारखं यायला लागलं; सूर कळायचा, शब्द निसटायचे. इथं बसून झूरा नुसती ऐकत नव्हती, विचारही करत होती. एवढी वर्षं. बुरूलला हे कुठल्याही पुस्तकात वाचल्याचं आठवेना.

तेवढ्यात ते वाक्य आलं, पियाल्यांच्या किणकिणाटातून: पुढच्या वेळी बैठकीत काय झालं ते चहा ओतणाऱ्या माणसाला विचारायचं, बाकीच्यांना नाही.

बुरूलचा हात थांबला. “हे कोण म्हणालं?”

असान आकेंच्या तोंडात बोरसोक होता. त्यांनी खिडकीकडे हनुवटी उडवली. “अल,” ते म्हणाले.

खिडकीशी दोघं शेजारी शेजारी बसले होते. बुरूलनं मान वर केली आणि बघितलं. झूराचे ओठ नुकतेच मिटत होते. शेजारी कुबातचे हात पसरले होते आणि तोंड उघडत होतं.

“थांब, कुबात,” बुरूल म्हणाली. “मी ऐकलं. तिला पुरं करू दे.”

कुबातचं तोंड मिटलं. झूरा खाली बघत, चाचरत बोलायला लागली. बुरूल तिच्याकडे बघत राहिली, आणि गरम चहा काठावरून तिच्या बोटांवर सांडत राहिला.